धुक्यात अप्पर लावू नये

पावसाळ्यात रात्री आंबोली किंवा माळशेज घाट उतरणाऱ्या ट्रकचालकाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. धुके दाट झाले की अप्पर लावायचा नाही, डिपरवर यायचे. अप्पर लावला तर रस्ता अधिक दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते. दिव्याचा प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो. अशा वेळी रस्ता दिसत नाही तो प्रकाश कमी पडतो म्हणून नव्हे, नको तो प्रकाश जास्त होतो म्हणून. उजेडाच्या मदतीने जिवंत शरीरात डोकावू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांनी तिच्यावर जे उपाय शोधले त्यांतला एक फार बोलका आहे: रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये घालून केलेले काही नॅनोमीटर आकाराचे स्फटिक, जे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात उजळतात. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘तेजस्वी’, ‘झगमगते’ अशी विशेषणे सर्रास वापरली जातात. ती दिशाभूल करणारी आहेत. हे स्फटिक खरे तर मंदच आहेत. शरीर जिथे स्वतः गप्प बसते त्या पट्ट्यात ते बोलतात, आणि त्यांचे मोल आहे ते तेवढ्यासाठी. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे ठरवायलाही हीच गोष्ट उपयोगी पडते.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोटाचे टोक घट्ट दाबून धरले, तर बोट लालबुंद उजळते. हा घरगुती प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. टॉर्चचा प्रकाश पांढरा, म्हणजे निळा, हिरवा, लाल असे सगळे त्यात आहे. पण रक्तातले हिमोग्लोबिन निळा-हिरवा भाग गिळून टाकते आणि लाल तेवढा पलीकडे येतो. ही पहिली अडचण, शोषणाची. दुसरी अडचण त्या बोटात जे दिसत नाही त्यात आहे. बोटात हाड आहे, तरी त्याची सावली कुठे पडलेली नाही. लाल प्रकाश पलीकडे पोचला खरा, पण सरळ आला नाही. पेशी, त्यांची आवरणे, चरबीचे कण, तंतू, प्रत्येकावर आपटून तो वळतो, भरकटतो, आणि त्वचेबाहेर पडेपर्यंत आपण कुठून निघालो हे सांगण्याच्या स्थितीत राहत नाही. म्हणून हाडाच्या कडा पुसल्या जातात. तिसरी अडचण घरी दिसत नाही, प्रयोगशाळेत दिसते. शरीरावर जांभळा किंवा निळा प्रकाश टाकला की शरीर स्वतःच थोडे उजळते. कोलॅजेन उजळते, पेशींमधले काही रेणू उजळतात, आणि प्रयोगातल्या उंदराच्या बाबतीत तर त्याच्या पोटातले जेवणही उजळते. या उंदरांच्या तयार खाद्यात बहुधा लसूणघास असतो; त्यातले हरितद्रव्य प्रकाश पडताच लाल चमकते आणि कर्करोगाची गाठ शोधायला बसलेल्या संशोधकाला चित्रात आतडी दिसू लागतात. म्हणून अशा प्रयोगाआधी काही दिवस उंदरांना लसूणघास नसलेले खाद्य देण्याची पद्धत पडली आहे. खाद्य बदलता येते, कातडी आणि यकृत बदलता येत नाही. दिवा मोठा केला की गाठीला लावलेला रंग जितका उजळतो, तितकीच भोवतालची गर्दीही उजळते. घाटातला अप्पर तो हाच.

यातून वाट काढायची तर प्रकाशाची जातच बदलावी लागते. तरंगलांबी जितकी मोठी तितका प्रकाश कमी विखुरतो; मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो तो त्यामुळेच. लाल रंगाच्या पलीकडे, सुमारे ७०० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हिमोग्लोबिनची भूक बरीच मंदावते. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर साधारण याच भागाच्या आसपास काम करतो: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त असे त्याचे दोन दिवे असतात, आणि प्राणवायू घेतलेले व न घेतलेले रक्त या दोघांना किती वेगवेगळे गिळते त्यावरून तो टक्केवारी सांगतो. पण खरा फरक १००० नॅनोमीटरच्या पुढे पडतो. १००० ते १७०० या पट्ट्याला संशोधक दुसरी खिडकी म्हणतात. तिच्या मधोमध, १४५० च्या आसपास, पाणी स्वतःच प्रकाश गिळत असल्याने एक जाड पडदा आहे. तो ओलांडून १५०० च्या पुढे गेले की पुन्हा फट मिळते, आणि तिथे विखुरणे अगदी कमी, तर शरीराची स्वतःची चमक जवळपास शून्य. स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाई यांच्या गटाने २००९ साली कार्बनच्या नॅनोनळ्या वापरून उंदराच्या रक्तवाहिन्या या खिडकीतून पाहिल्या, आणि २०१४ साली कवटीला हात न लावता उंदराच्या मेंदूतल्या बारीक वाहिन्यांची चित्रे घेतली. खिडकी उपयोगाची आहे हे तेव्हाच सिद्ध झाले. प्रश्न उरला तो एवढाच, की तिथे उभा करायला चांगला दिवा कुठला?

आता त्या मूलद्रव्यांकडे वळू. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून हे नाव मराठी वर्तमानपत्रांतही रुळले आहे. पण तिथे ते बहुधा विजेवरच्या गाड्यांमधल्या चुंबकांच्या निमित्ताने येते. मुळात ही मूलद्रव्ये नावाइतकी दुर्मिळ नाहीत. त्यांतले सिरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतके आहे. ती एकमेकांत इतकी मिसळलेली सापडतात आणि रासायनिक स्वभावाने इतकी सारखी असतात, की वेगळी करता करता रसायनशास्त्रज्ञांचे एक अख्खे शतक गेले. स्वीडनमधल्या युटर्बी नावाच्या छोट्या गावाच्या खाणीत १७८७ साली एक जड काळा दगड सापडला आणि त्यातून व तशा दगडांतून निघालेल्या चार मूलद्रव्यांची नावे त्या एकाच गावावरून पडली: यिट्रियम, टर्बियम, अर्बियम, यिटर्बियम. इतका मान जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गावाच्या वाट्याला आलेला नाही. आपल्याकडे या कुळाची ओळख वेगळ्या वाटेने झाली. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या गॅसबत्तीचे ते पांढरे जाळीदार मँटल आठवा. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेल्या त्या मँटलमध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि अवघे १ टक्का सिरियम ऑक्साइड असे; ते एक टक्का काढून घेतले तर मँटल तापते, पण उजेड पडत नाही. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनांनी उचलायला घेतली ती या मँटलसाठीच. पुढे १९५० साली सरकारने इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली. तिचे मुख्यालय आजही मुंबईत आहे. त्या एक टक्का सिरियमची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

या मूलद्रव्यांच्या उजेडाचे वैशिष्ट्य त्यांच्या अणूच्या घरबांधणीत आहे. जुन्या वाड्याला आधी पडवी, मग ओसरी आणि आत माजघर असे. रस्त्यावरचा गोंगाट पडवीत यायचा, ओसरीवर निम्मा व्हायचा, माजघरात कुणाच्या कानीही पडायचा नाही. रेअर अर्थ अणूंमधले जे इलेक्ट्रॉन प्रकाश घेतात आणि देतात ते असे माजघरात राहतात. त्यांच्या बाहेर आणखी भरलेली कवचे असतात, त्यामुळे भोवती काच आहे की स्फटिक आहे याचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. निओडिमियम कुठेही ठेवा, ते १०६० नॅनोमीटरच्या आसपासच बोलते. अर्बियम १५५० च्या आसपास. रंगीत द्रव्यांचा उजेड पसरट असतो, यांचा रेघेसारखा बारीक. शिवाय माजघरातल्या माणसाला बाहेर पडायची घाई नसते. साधे रंगद्रव्य प्रकाश घेतल्यावर सेकंदाच्या काही अब्जांश भागात तो परत देऊन मोकळे होते. हे अणू तो कित्येक मायक्रोसेकंद, कधी कित्येक मिलिसेकंद धरून ठेवतात. अर्बियमचा हा स्वभाव आपण रोज वापरतोच. समुद्राखालून मुंबईत वर्सोव्याला येऊन लागणाऱ्या इंटरनेटच्या केबलींमध्ये ठरावीक अंतरांवर अर्बियम मिसळलेल्या काचतंतूचे तुकडे असतात, कारण काचेतून सर्वात कमी घट होऊन जाणारा प्रकाश नेमका १५५० नॅनोमीटरचा आणि तो वाढवून पुढे ढकलण्याचे काम अर्बियम करते. काचतंतूसाठी निवडलेली तरंगलांबी शरीरातल्या फटीतही चपखल बसावी, हा निव्वळ योगायोग आहे. पण मोठा सोयीचा.

असा स्फटिक घडवण्याची कृती स्वयंपाकघराला अगदीच परकी नाही. ऑलिव्ह तेलात ज्याचा मोठा वाटा असतो ते ओलेइक आम्ल आणि एक उच्च तापमानाला टिकणारा तेलकट द्रावक, यांत यिट्रियम, यिटर्बियम, अर्बियम यांचे क्षार विरघळवतात. मग सोडियम आणि फ्लोराइड देणारी द्रव्ये मिसळून हवा लागू न देता मिश्रण सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवतात. तासाभरात त्यात सोडियम यिट्रियम फ्लोराइडचे एकसारखे कण तयार होतात. त्यांचा आकार असतो साधारण १० ते ५० नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीत असे काही हजार कण ओळीने मावतील. कुपी थंड झाली की आत पाण्यासारखा नितळ द्रव दिसतो. तिच्यातून ९८० नॅनोमीटरचा लेझर सोडला की काही न दिसणाऱ्या त्या झोतात एक हिरवी रेघ उजळते. दोन अवरक्त प्रकाशकण एकापाठोपाठ गिळून अर्बियम एक हिरवा प्रकाशकण बाहेर टाकतो. डोळ्यांना हे जादूसारखे दिसते, आणि बरीच वर्षे संशोधनाचे कौतुकही या हिरव्या रेघेभोवतीच घोटाळत राहिले. शरीरात पाहायचे असेल तर मात्र ती रेघ म्हणजे गळती. हिरवा प्रकाश रक्त गिळणारच. हवा आहे तो १५५० चा. अर्बियममध्ये चढलेली ऊर्जा एक पायरी खाली उतरली तरच तो मिळतो, पण फ्लोराइडच्या स्फटिकात ती पायरी फार उंच पडते, ऊर्जा वरच खोळंबते आणि दुसरा प्रकाशकण येऊन तिला आणखी वर ढकलतो. दाई यांच्या गटाने २०१७ साली यावर काढलेला तोडगा साधा आणि सुंदर होता. स्फटिकात थोडे सिरियम घातले. सिरियमच्या अणूत ऊर्जेच्या दोन पातळ्यांमधले अंतर असे आहे, की अर्बियमला उतरताना जो जादा भार कुणाच्या तरी हाती सोपवायचा असतो तो सिरियम झेलते. उंच ओट्यावरून उतरताना मधे पाट ठेवावा तसे. हिरवा मंदावला, १५५० चा उजेड कित्येक पटींनी वाढला, आणि उंदराच्या कातडी-कवटीआडून मेंदूतले वाहते रक्त टिपता आले. मँटलमधले एक टक्का सिरियम आणि हे सिरियम यांच्यात रसायनशास्त्राचे फारसे नाते नाही. तरीही शंभर वर्षांच्या अंतराने तेच मूलद्रव्य चिमूटभर घातल्यावर दिव्याची कळा बदलावी, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

इतके करूनही हे स्फटिक मंदच राहतात, आणि पहिला आक्षेप इथेच घेतला जातो. माजघरातल्या इलेक्ट्रॉनांना बाहेरचा गोंगाट ऐकू येत नाही, तसा बाहेरून टाकलेला प्रकाशही नीट पोचत नाही; एखादे चांगले रंगद्रव्य जितका प्रकाश सहज शोषते त्याच्या कित्येक पट कमी हे अणू शोषतात. शोषलेल्यातलाही मोठा भाग पृष्ठभागावर वाया जातो, कारण पाण्याचा रेणू १५५० च्या ऊर्जेचा मोठा चोर आहे. म्हणून कणावर निष्क्रिय फ्लोराइडचे कवच चढवावे लागते. मग असा दिवा घ्यायचा कशाला? उत्तर घाटातच मिळते. चित्र स्पष्ट दिसते ते गाठ आणि भोवताल यांच्या फरकामुळे. भोवताल दहापट उजळलेला असताना गाठ पाचपट उजळून उपयोग नाही. भोवताल काळाकुट्ट असेल तर मिणमिणती पणतीही लांबून दिसते. १५०० च्या पुढे शरीराचा भोवताल काळा आहे, आणि रेअर अर्थ स्फटिक तो आणखी काळा करू शकतात. लेझरचा क्षणभर झोत टाकायचा, तो बंद करायचा, आणि कॅमेरा लगेच न उघडता थोडे थांबायचे. या थांबण्यात शरीराची स्वतःची चमक केव्हाच विझून जाते, विखुरलेला लेझरही संपतो. सावकाश बोलणारे स्फटिक तेवढे उरतात. सभागृहातल्या टाळ्या ओसरल्यावर बोलायला सुरुवात करणाऱ्या वक्त्याला आवाज चढवावा लागत नाही. रंगद्रव्याला हे जमत नाही, कारण टाळ्या संपेपर्यंत त्याचे बोलून झालेले असते.

पुरावा म्हणून तीन कामे पुरेशी आहेत. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात प्रभास मोघे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली रेअर अर्थ कण प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळून उंदरांच्या शरीरातल्या गाठी या दुसऱ्या खिडकीतून टिपल्या. २०१८ साली शांघायच्या फुदान विद्यापीठात फान झांग यांच्या गटाने स्फटिकांच्या सावकाशपणालाच खुणेचे रूप दिले: तरंगलांबी तीच, पण उजळून विझायला लागणारा वेळ प्रत्येक प्रकाराचा वेगळा. असे तीन प्रकार स्तनाच्या कर्करोगाच्या तीन वेगवेगळ्या ग्राहक प्रथिनांना चिकटवून त्यांनी जिवंत उंदराच्या गाठीत कोणते प्रथिन किती आहे ते एकाच वेळी मोजले. स्तनाच्या कर्करोगाचा कुठलाही रिपोर्ट पाहिलेल्या घरात इआर, पीआर आणि हर-टू ही अक्षरे ओळखीची असतात. तीच ही तीन. एरवी त्यासाठी गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने स्फटिकाची जडण बदलून तो आणखी उजळ केला, आणि कर्करोगाच्या पेशी प्रतिकारशक्तीला चकवायला जे पीडी-एल-१ नावाचे प्रथिन वापरतात त्याला तो चिकटवून, इम्युनोथेरपी ज्या उंदरात लागू पडेल त्याची गाठ कशी दिसते हे पाहिले. या तिन्ही ठिकाणी यश मिळाले ते शांत भोवताल आणि अनेक खुणा एकाच वेळी वेगळ्या ओळखण्याची सोय यांच्या बळावर.

मात्र तिन्ही ठिकाणी प्राणी उंदीर आहे, आणि दुसरा, जास्त वजनदार आक्षेप हा. प्रयोगातला उंदीर पंचवीस-तीस ग्रॅमचा असतो. त्याच्या डोक्याची कातडी आणि कवटी मिळून जेमतेम मिलिमीटरभर जाडी भरते; माणसाची कवटीच सहा-सात मिलिमीटर जाड, वर कातडी वेगळी. उंदराच्या बाबतीत काही मिलिमीटर खोल दिसले म्हणजे जवळपास सगळे दिसले; माणसात तेवढ्या खोलीवर पोटाच्या भिंतीतली चरबीही संपत नाही. दुसरी खिडकी कितीही चांगली असली तरी ती सेंटिमीटरांचा अंधार भेदत नाही. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी यांची जागा हे स्फटिक घेतील असे कुणी म्हणत असेल तर ते खुशाल सोडून द्यावे. पण या आक्षेपातून स्फटिक निरुपयोगी ठरत नाहीत, त्यांची जागा ठरते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर शरीर आधीच उघडलेले असते. तिथे शल्यविशारदाला हवे असते ते पुढच्या काही मिलिमीटरांचे ज्ञान: गाठ नेमकी कुठे संपली, ही मूत्रवाहिनी की रक्तवाहिनी, कोणती लसीकाग्रंथी काढायची आणि कोणती राहू द्यायची. एमआरआय हे टेबलावर क्षणाक्षणाला सांगू शकत नाही. प्रकाश सांगू शकतो.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो सर्वात अवघड आहे. शस्त्रक्रियेत अवरक्त चमक वापरायची तर त्यासाठी औषध आधीच आहे. इंडोसायनिन ग्रीन, डॉक्टरांच्या बोलण्यातले आयसीजी, हे रंगद्रव्य अमेरिकेत १९५९ पासून मंजूर आहे. पित्ताशयाच्या, आतड्याच्या, स्तनाच्या शस्त्रक्रियांत ते आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही वापरले जाते. ते मुख्यतः ८३० नॅनोमीटरच्या आसपास उजळते, पण त्याच्या उजेडाची एक शेपटी १००० च्या पलीकडे जाते. त्या शेपटीचा उपयोग करून चीनमध्ये २३ रुग्णांच्या यकृतातल्या गाठींवर शस्त्रक्रिया झाल्या आणि २०२० साली त्या प्रसिद्धही झाल्या. म्हणजे दुसरी खिडकी माणसात उघडली ती स्फटिकांवाचून, साठ वर्षे जुन्या औषधाने. प्रामाणिकपणे बोलायचे तर रक्त कुठून वाहते एवढेच पाहायचे असेल तिथे आयसीजीला हटवण्याचे काहीच कारण नाही. ते स्वस्त आहे, यकृतावाटे लगेच बाहेर जाते, आणि त्याचा अनुभव पिढ्यांचा आहे. पण त्याला मर्यादाही आहेत. रक्तातले त्याचे प्रमाण तीन-चार मिनिटांत निम्म्यावर येते. प्रकाशात ते विटते. १५०० च्या पुढे त्याची शेपटी फार बारीक होते. आणि ते एकटे आहे. ‘ही गाठ आहे’ एवढ्यावर न थांबता ‘ही कोणत्या जातीची गाठ आहे, तिच्या कडेला कोणत्या पेशी जमल्या आहेत’ असे तीन-चार प्रश्न एकाच वेळी विचारायचे असतील तर एक रंगद्रव्य पुरत नाही. स्फटिकांचा दावा या जागेपुरता खरा आहे.

तो दावा रुग्णापर्यंत पोचेल की नाही हे ठरेल ते स्फटिक शरीराबाहेर पडतो की नाही यावर. रेअर अर्थ शरीरात घालणे ही काही नवी गोष्ट नाही. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होणारे किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ कर्करोगाच्या रुग्णांना दिले जाते, आणि एमआरआयच्या वेळी ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणून टोचले जाणारे औषध गॅडोलिनियमचे असते. गॅडोलिनियमची हकीकत मात्र सावध करणारी आहे. सुटे गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते एका मोठ्या रेणूच्या पकडीत बांधून देतात. १९८८ पासून हे सुरक्षित मानले गेले. पुढे २००६ साली लक्षात आले, की मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी आणि सांधे ताठ होत जातात आणि त्याचा धागा या इंजेक्शनशी जुळतो. मूत्रपिंडे ते वेळेवर बाहेर टाकू शकत नव्हती, आणि रेंगाळलेल्या औषधाची पकड सैल होत होती. त्यानंतर अमेरिकेत कडक इशारे आले, आणि युरोपने सैल पकडीची काही औषधे २०१७ मध्ये थांबवली. अठरा वर्षांच्या वापरानंतर कळलेली ही गोष्ट आहे. स्फटिकांचे समर्थक म्हणतात की फ्लोराइडचा घट्ट स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ‘जवळजवळ’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. अतिसूक्ष्म कणांना पृष्ठभाग फार मोठा, आणि विरळ द्रावणात ते हळूहळू अणू सोडतात हे दिसून आले आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण साडेपाच नॅनोमीटरहून मोठा कण जात नाही. मोठे कण यकृत आणि प्लीहेत अडकतात. कण लहान करावा, तर त्याचे बहुतेक अणू पृष्ठभागावर येतात आणि पाणी त्यांचा उजेड चोरते. उजेडाला कण मोठा हवा, शरीराला तो लहान हवा; हा पेच अजून सुटलेला नाही. २०१९ च्या त्या प्रयोगात विशेष थरांचे वेष्टन चढवून बहुतांश स्फटिक दोन आठवड्यांत पित्तावाटे बाहेर पडताना दिसले. या क्षेत्रातली ही माझ्या मते सर्वात महत्त्वाची बातमी आहे, चमकत्या चित्रांपेक्षा कितीतरी महत्त्वाची. पण तीही उंदरातलीच, आणि दोन आठवडे म्हणजे अठरा वर्षे नव्हेत.

बाकीचे आक्षेप पैशाने आणि हुशारीने सुटण्यासारखे आहेत. ९८० चा लेझर पाण्याला तापवतो, म्हणून कणाभोवती निओडिमियमचा थर देऊन ८०८ नॅनोमीटरने काम भागवण्याची युक्ती निघाली आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातले सिलिकॉन ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळे आहे. त्यापुढे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा कॅमेरा लागतो आणि त्याची किंमत लाखांत जाते. जिल्हा रुग्णालयाला ते परवडणार नाही हे खरे, पण किमती उतरतात. खनिजाचा प्रश्न तर इथे उद्भवतच नाही. आपल्या किनाऱ्यांवरच्या मोनाझाइटमध्ये सिरियम, लँथॅनम, निओडिमियम भरपूर आणि अर्बियम-यिटर्बियम अगदी कमी हे खरे आहे. मात्र चुंबकांना टनांनी लागणारा माल इथे ग्रॅमांत मोजला जातो.

२०२५ मध्ये चिनी संशोधकांनी असेच कण घातलेली कॉन्टॅक्ट लेन्स माणसांना लावून त्यांना अवरक्त दिव्याची उघडझाप दाखवली आणि जगभर मथळे झाले. बातमी म्हणून ती चविष्ट होती, वैद्यकाच्या दृष्टीने तिच्यात फारसे काही नव्हते. त्याच्या तुलनेत नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांचे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. त्यांनी हे कण कुठल्याही शरीरात घातले नाहीत, कोविडच्या घरगुती चाचणीसारख्या कागदी पट्टीवर बसवले. पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की कुष्ठरोगाच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे कणांना रेघेवर अडवतात, आणि अवरक्त प्रकाशात ती रेघ किती उजळते ते छोटे यंत्र मोजते. कागद आणि रक्त अवरक्तात स्वतः हिरवे उजळत नाहीत, त्यामुळे पुसटशी रेघही हरवत नाही. इथे खोलीचा प्रश्न नाही, यकृताचा नाही, मूत्रपिंडाचा नाही. शांत भोवतालाचा फायदा तेवढा आहे. माणसाच्या शिरेत टोचायला मंजुरी मिळालेला असा एकही उजळणारा स्फटिक आज नाही. तेव्हा यापुढे ‘शरीराच्या आरपार पाहणाऱ्या’ चमकत्या कणांची बातमी वाचनात आली, तर चित्राकडे नंतर पाहा. आधी दोन गोष्टी शोधा: किती मिलिमीटर खोल पाहिले, आणि घातलेले कण किती दिवसांनी बाहेर आले.